झिंजचे दोन मिस्टर

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सुई बोटात शिरली तरी आज दुखलं नाही, इतकी मी खुशीत आहे.

बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात इतकी वर्षं अबाया आणि शाळेचे युनिफॉर्म शिवले. आजपासून झिंजला, एका फ्रेंच फॅशन डिझायनरकडे. सकाळी कैलासची गाडी सनाबिसला आमच्या बिल्डिंगखाली आली तेव्हा मी अर्धा तास आधीच खाली येऊन उभी होते. कैलास गुहागरकडचा, त्यांचा ड्रायव्हर. म्हणाला, "घाबरू नका भाभी. दोन म्हातारे आहेत. एक कागदावर रेघा मारतो, दुसरा त्याला ओरडतो. बाकी काय नाय."

रेघा मारतात ते मिस्टर रेमी. ओरडतात ते मिस्टर बर्नार, त्यांचे बिझनेस पार्टनर. मला कामावर घेतलं बर्नारनी. गेल्या महिन्यात ते आमच्या दुकानात पँट आखूड करायला आले होते. आत्ताच्या आत्ता हवी म्हणाले. मी म्हटलं, उद्या या, घाईत शिवलेलं मी कुणाला देत नाही. मालकाने डोळे वटारले. हा गोरा माणूस मात्र हसला, आणि दुसऱ्या दिवशी पँटबरोबर मलाच घेऊन गेला म्हणायचं.

खाली शिवणाची खोली, तिच्या शेजारी ट्रायल रूम, वर ते दोघं राहतात. खिडकीतून उजेड कसा सरळ टेबलावर पडतो! दुकानात दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावायला लागायची. घरी येऊन खिजरना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि "बरां झालां" एवढंच म्हणाले. वीस वर्षांच्या संसारात या माणसाचं सगळ्यात लांब वाक्य कुठलं, आठवत नाही. पोर्टवरच्या क्लिअरिंगच्या ऑफिसात दिवसभर बोलून त्यांचे शब्द संपत असतील.

अल्लाचे उपकार. आणखी काय लिहू.

१३ ऑक्टोबर

इथे साहेबाला मिस्टर म्हणतात, आमच्या दापोलीकडे बायका नवऱ्याला मिस्टर म्हणतात. हे अल्फियाला सांगितलं तर ती मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "सो नाऊ यू हॅव थ्री मिस्टर्स, अम्मी?" पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीतच.

दोघांचं भांडण मी आता ओळखायला लागले आहे. सकाळी कॉफीवरून होतं ते खोटं. कपड्यावरून होतं ते खरं. खरं भांडण झालं की रेमी दार आपटून वर जातात, आणि मग बर्नार संत्रं सोलायला घेतात. पांढऱ्या शिरा एकेक काढून, फोडी बशीत लावून, बशी घेऊन हळूहळू जिना चढतात. मग वर शांत.

सख्खे भाऊ इतकं करत नाहीत. माझ्या दोन भावांनी आंब्याच्या एका कलमावरून बोलणं टाकलंय.

आज मी धीर करून बर्नारना विचारलं, "मिस्टर, युवर फॅमिली? फ्रान्स?" त्यांनी कात्री खाली ठेवली. मग बोट वर करून म्हणाले, "अपस्टेअर्स." माझं इंग्रजी त्यांना कळलं नसणार. पुन्हा विचारायला लाज वाटली.

५ नोव्हेंबर

मॅडम बद्रिया आल्या होत्या. या दोघांना बहरीनमध्ये त्यांनीच आणलं. पॅरिसमध्ये रेमींचं मोठं दुकान होतं, ते एका कंपनीने विकत घेतलं आणि दुकानाबरोबर त्यांचं नावही गेलं. आता स्वतःच्याच नावाने त्यांना कपडा विकता येत नाही, असं कैलास सांगतो. मला खरं वाटेना. बर्नारना विचारलं तर म्हणाले, "खरं आहे. नाव गेलं. हात राहिले." मॅडम तेव्हा त्यांच्याकडून कपडे शिवून घ्यायच्या. त्यांनी फोन केला, आमच्याकडे या, माझ्या मुलीचं लग्न आहे, इथून सुरुवात करा.

मुलीचं नाव दाना. गोड आहे. तिला लग्नाच्या ड्रेसला पूर्ण बाह्या हव्यात, पण "आजीच्या बाह्या" नकोत. लग्न तेरा फेब्रुवारीला. रमजानच्या आधी आटपायचं.

रेमी कालपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस. आज दानाला उभं करून तिच्याभोवती फिरताना असे दिसले, जणू कुणी आत दिवा लावलाय. बर्नार दारात उभे होते. ते दानाकडे बघतच नव्हते. रेमींकडे बघत होते.

२१ नोव्हेंबर

बर्नार फार कठोर आहेत. आज मला राग आला, तो इथे काढते.

रेमींनी दिवसरात्र बसून चित्रांचा गठ्ठा केला. बर्नारनी उभ्या उभ्या पानं उलटली. नाही. नाही. नाही. एखाद्या मास्तराने नापासांचे पेपर बाजूला टाकावेत तसं. एकच ठेवलं. तेही मला सगळ्यात साधं वाटलं होतं. रेमींनी मान हलवून ते एक चित्र उचललं आणि कामाला लागले. मला वाटलं, इतका मोठा कलाकार आणि पार्टनरपुढे असा गप्प? आपण बायका सासरी दबतो तसा हा दबतोय की काय?

खिजरना सांगितलं. म्हणाले, "तो दबत असता तर तसा लगेच कामाला लागला नसता." मग भात वाढून घेतला.

१० डिसेंबर

बर्नार आज जिन्यात मधेच बसलेले दिसले. हात छातीवर, चेहरा पिठासारखा. मी पाणी आणलं. म्हणाले, "रेमीला सांगू नकोस. ड्रेस होऊ दे." मी म्हटलं, नाही मिस्टर, मी खोटं बोलणार नाही. डॉक्टरकडे जा, नाहीतर आत्ता वर जाते. मोडक्या इंग्रजीत मी त्यांना दमच दिला. त्यांनी हात जोडले, आपल्यासारखे. कैलासबरोबर उद्या जायचं कबूल केलं.

१२ डिसेंबर

गेले. डॉक्टरांनी ॲडमिट व्हायला सांगितलं होतं. हा माणूस गोळ्या घेऊन परत आला, आणि कैलासला म्हणाला, "मफी प्रॉब्लेम", म्हणजे काही त्रास नाही. आणि मी आणि कैलास दोघंही त्यावर विश्वास ठेवून बसलो.

१८ डिसेंबर, बुधवार

नॅशनल डेची लाल-पांढरी तोरणं अजून रस्त्यावर आहेत आणि मी हॉस्पिटलात बसून आले.

सकाळी अकराच्या सुमारास वरून काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि मग रेमींची हाक. ती हाक मला लिहिता येणार नाही. कैलासने बर्नारना अक्षरशः खांद्यावर घेऊन गाडीत घातलं. मी मागे रेमींबरोबर. रेमींनी निघताना चुकून बर्नारचा चष्मा घातला होता, त्यांना काही धड दिसत नव्हतं, मी हात धरून नेलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? रेमी म्हणाले, "पार्टनर." तिने लिहिलं, बिझनेस पार्टनर. मग म्हणाली, आत फक्त घरचे लोक. नियम आहे. तिचीही चूक नव्हती. रेमी त्या बंद दरवाजासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

शेवटी एक नर्स बाहेर आली, केरळची होती. मी हिंदीत म्हटलं, "सिस्टर, इनका दूसरा कोई नहीं है। तीस साल से एक घर में रहते हैं।" तिने रेमींकडे बघितलं. तो नाकावरून घसरणारा चष्मा, अंगात घरातला शर्ट. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पाँच मिनट. बस."

रेमी बाहेर आले तेव्हा स्वतःचा चष्मा तर घरीच होता, आता डोळ्यांवर बर्नारचाही नव्हता. तो आत परत देऊन आले होते. रस्ताभर माझा हात धरून चालले.

२२ डिसेंबर

बायपास झाली. मोठं ऑपरेशन, पण झालं. अल्हम्दुलिल्लाह.

२९ डिसेंबर

टाक्यांत इन्फेक्शन झालंय. घरी सोडणार नाहीत. फ्रान्समध्ये बर्नारच्या बहिणीचा एक मुलगा आहे, वर्षानुवर्षं बोलणं नाही. डॉक्टर फोन त्यालाच करतात, कारण कागदावर नातेवाईक तोच. त्याने सांगितलं, ईमेल करा. आणि जो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉरिडॉरमध्ये आहे त्याला कुणी काही सांगत नाही. मला हे अजिबात पटत नाही. नातं कागदाला विचारून ठरतं का?

मी रोज पेज घेऊन जाते. ती केरळची नर्स आत नेऊन देते. बर्नार पेजेला "राइस सूप" म्हणतात आणि मीठ मागतात. मीठ बंद आहे. रेमींना घावन देते, ते अर्धं खातात आणि अर्धं खिशात ठेवतात.

२ जानेवारी २०२५

आज सगळं खरं लिहायचं ठरवलंय.

शिवणाच्या खोलीत माझ्याबरोबर बसणाऱ्या दोन टेलरपैकी एक काम सोडून गेला. दुसरा जायच्या बेतात आहे. ड्रेस टेबलावर बिनबाह्यांचा पडलाय, एखादं माणूस हात कापून ठेवावं तसा. रेमी सकाळी येतात, बाह्यांची चित्रं काढतात. खूप काढतात. सुंदर काढतात. पण यातली कुठली कापू विचारलं की नुसते बघत राहतात. म्हणतात, "मला माहीत नाही, हलिमा. मला कधीच माहीत नव्हतं."

मॅडम बद्रियांना काही सांगायचं नाही अशी त्यांची ताकीद. त्या फोन करतात, रेमी म्हणतात बर्नार प्रवासात आहेत.

आणि सीफमधल्या एका अबायाच्या बुटिकने मला बोलावलंय. मॉलमध्ये, एसीत, सुपरवायझर म्हणून. व्हिसा तेच करतील. माझा व्हिसा अजून इथे पुरता ट्रान्सफर झालेला नाही, ते बर्नार बघत होते. त्यांना काही झालं तर मी अधांतरी. कैलास म्हणतो, "भाभी, चान्स आलाय तो घ्या. इकडचं खलास होणार." मनात आलं, जावं. खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी खिजरना विचारलं, काय करू? म्हणाले, "मी सांगणार नाय." मला भडकायला झालं. म्हटलं, कधी तरी सांगा! त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी इथं नवा आलो तेव्हा रूमवर तापाने पडलो होतो. सगळे ड्युटीवर. दाराकडे बघत होतो, कोण तरी येईल. दाराशी बसणारा माणूस असणं, त्याहून मोठी गोष्ट नाय गो." एवढंच. ही गोष्ट त्यांनी मला आजवर सांगितली नव्हती.

३ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्यानंतर खिजर घरी आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, हॉस्पिटलात आहे. तुझ्या मिस्टर रेमींबरोबर बसलोय.

दुपारभर बसले! एकाला फ्रेंच, दुसऱ्याला कोकणी. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "काय नाय. चहा घेतला. त्यांना झोप लागली माझ्या खांद्यावर. म्हणून उठलो नाय."

मी आत जाऊन जरा रडले. आनंदाने. अशा माणसाशी आपलं लग्न झालंय आणि मी त्याच्या वाक्यांची लांबी मोजत होते.

७ जानेवारी

आज डोक्यात आलं आणि केलं. रेमींनी काढलेल्या बाह्यांची सगळी चित्रं पिशवीत भरली आणि रेमींना न विचारता हॉस्पिटलात नेली. बर्नार आता वॉर्डमध्ये आहेत, भेटीच्या वेळेत जाता येतं. रेमी खुर्चीत होते. पिशवी बघून उठलेच. "नो, हलिमा, तो आजारी आहे."

बर्नारनी हात पुढे केला. आवाज अजून बसलेला, पण नजर तीच. मी एकेक चित्र त्यांच्यासमोर धरत गेले. बोटाने, इतकंसं हलवून, नाही. नाही. नाही. मला रडू यायला लागलं, इतकं बरं वाटलं ते "नाही" बघून. एका चित्रावर बोट थांबलं. खांद्यापासून मनगटापर्यंत साधी बाही, फक्त कोपरापाशी थोडी सैल, हात वर केला की पाण्यासारखी खाली यावी अशी.

मी रेमींकडे बघितलं. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं, खांदे हलत होते.

बर्नार मला म्हणाले, "त्याला चांगलं कुठलं ते कधी कळत नाही. देवाची कृपा. नाहीतर मला काय काम राहिलं असतं?" आणि मग हसले, आणि हसल्यामुळे टाके दुखले, आणि नर्स मला रागावली.

येताना सीफच्या बुटिकला फोन केला. शुक्रिया, पण मी येणार नाही, असं सांगितलं. कैलास डोक्याला हात लावून बसला, पण गाडीतलं गाणं मोठं केलं. तोही जाणार नव्हताच, मला ठाऊक आहे.

१५ जानेवारी

काय दिवस.

दानाची ट्रायल होती. मॅडम बद्रिया, दाना, दोन मावश्या. बाही बसली! दानाने हात वर केला आणि सगळ्या एकदम "अल्लाह" म्हणाल्या. रेमी गुडघ्यावर बसून खालची कड टाचत होते, तोंडात टाचण्या. तेवढ्यात फोन वाजला. इन्फेक्शन साफ करायला बर्नारना पुन्हा ऑपरेशनला नेतायत. ही बातमीही हॉस्पिटलने कळवली नव्हती, त्या केरळच्या नर्सने आपल्या फोनवरून सांगितली.

रेमी उठले आणि तसेच चालायला लागले. काही न बोलता. टाचण्या तोंडातून काढून माझ्या हातात दिल्या आणि दाराबाहेर. दाना अर्ध्या कडेत उभी. मावश्या एकमेकींकडे बघतायत. मला वाटलं, गेलं सगळं.

मॅडमनी मला विचारलं, "मिस्टर बर्नार कुठे आहेत? खरं सांग."

मी सांगितलं. सगळं. प्रवास नाही, हॉस्पिटल. दाराबाहेर उभं राहणं, त्या भाच्याचा ईमेल, सगळं. मॅडमचा चेहरा लाल झाला. मी म्हटलं, माफ करा मॅडम, ड्रेस इंशाल्ला वेळेवर होईल. तर त्या ओरडल्या, "ड्रेसचं कोण बोलतंय? महिनाभर माणूस हॉस्पिटलात आहे आणि मला कुणी सांगितलं नाही? मी त्यांना माझ्या देशात आणलं. आमच्या फरीजमध्ये, आमच्या मोहल्ल्यात, कुणी आजारी पडलं तर गल्ली रिकामी होते, सगळे तिकडे जातात!" मग दानाला म्हणाल्या, "तू कपडे बदल. यल्ला, चल लवकर."

मोठी गाडी, मॅडम पुढे, मी मागे. मांडीवर खजुराचा डबा आणि गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास. काउंटरवर मॅडम अरबीत काय म्हणाल्या ते सगळं कळलं नाही. पण "बैत वाहिद" दोनदा म्हणाल्या, एकच घर, आणि "माझे पाहुणे". मॅनेजर आला. पाच मिनिटांत तो रेमींना आत घेऊन गेला. डॉक्टरने रेमींसमोर बसून, रेमींना, पहिल्यांदाच, सगळं समजावून सांगितलं. कागदावरचं भाच्याचं नाव खोडून रेमींचं घातलं, ऑपरेशनला आत नेण्याआधी बर्नारनीच सही केली.

मॅडम कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारी बसल्या. आपल्या हाताने छोट्या कपात गहवा ओतून मला दिला. म्हणाल्या, "दोघं पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना दोन खोल्या दाखवल्या होत्या. त्यांनी एक ठेवली, दुसरीत कापड ठेवलं." मी म्हटलं, हो मॅडम, कापडाला जागा फार लागते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातावर हलकेच थोपटलं.

१६ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. ताप उतरला.

जेवताना मी घरी सगळं सांगत होते. म्हटलं, मॅडमचं मन किती मोठं, आणि या दोघांची दोस्ती किती खरी. भावांहून जास्त. अल्फियाने घास हातात धरून विचारलं, "अम्मी, यू रिअली थिंक दे आर जस्ट..." खिजरनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "नेव्हर माइंड."

नंतर भांडी घासताना मी खिजरना विचारलं, काय म्हणत होती ती? हे दोघं एकमेकांचे कोण लागतात, तुम्हाला काय वाटतं? ते ताट पुसत होते. म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, एकमेकांची काळजी घेणारे. "मग तेच," म्हणाले. "तुझां बरोबर आहे."

वीस वर्षांत यांनी कधी भांडी पुसली नव्हती, हेही लिहून ठेवते.

२९ जानेवारी

बर्नार घरी आले! कैलासने झेंडूची माळ कुठून तरी आणून दाराला लावली. दुसरा टेलर थांबलाय, गेलेला परत येतो म्हणतोय. बर्नारनी जिना चढायचा नाही, म्हणून त्यांचा पलंग ट्रायल रूममध्ये, ते तिथूनच ओरडतात. व्हॉल्यूम कमी आहे पण चालतं. आज संत्रं रेमींनी सोललं. काय ते सोलणं! साल कमी, गर जास्त निघाला. बर्नारनी एक फोड खाल्ली, आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

माझा व्हिसाही झाला. बर्नारनी पलंगावरून फोन लावून तो केला.

८ फेब्रुवारी

ड्रेस पूर्ण. पुढचं फक्त हातशिलाईचं आणि दुवाचं.

आज एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि वाईट वाटलं. लग्नाचा हॉल फक्त बायकांचा. आत पुरुषाला प्रवेश नाही, डिझायनर असला तरी. फोनही दारात काढून घेतात, फोटो नाही. म्हणजे ज्यांनी काढलं आणि ज्यांनी निवडलं, ते दोघंही दानाला हॉलमध्ये चालताना कधी बघणार नाहीत. रेमींना सांगितलं तर म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर तू जाणार आहेस."

मी! मॅडमनी माझं नाव पाहुण्यांत घातलंय. मदतनीस म्हणून नाही, पाहुणी म्हणून. अल्फियाने माझ्या कपाटातला जांभळा शरारा काढून इस्त्री केला आणि म्हणाली, "अम्मी, छान दिसशील." मराठीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लग्न झालं. आज सकाळी सुट्टी असूनही झिंजला गेले. खिजरनी सोडलं, ते कैलासबरोबर बाहेर गाडीत गप्पा मारत बसले. म्हणजे कैलास मारत असेल.

दोघं ट्रायल रूममध्ये वाट बघत होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचे, जणू त्यांनाच कुणी बघायला येणार होतं. बर्नार पलंगावर उशांना टेकून, रेमी शेजारी खुर्चीत. कॉफी थंड झाली होती, कुणी हात लावला नव्हता.

मी सांगायला लागले. माझ्या इंग्रजीत, हातवाऱ्यांत. दिवे कसे मंद झाले. दार उघडलं आणि दाना एकटी उभी. लगेच चालली नाही, जरा थांबली. तेवढ्यात आख्ख्या हॉलचा आवाज बंद झाला, इतक्या बायका असून. मग चालली. मागची झालर गालिच्यावरून अशी, काहीही न अडकता, आवाज फक्त रेशमाचा. बर्नार म्हणाले, "वळताना?" मी उठून वळून दाखवलं. "डावी बाही?" मी म्हटलं, मिस्टर, तेच तर सांगतेय. स्टेजवर आजी बसली होती, फार म्हातारी. दानाने तिचं डोकं धरून पापा घ्यायला हात उचलला, आणि बाही कोपरापासून सरकत खाली आली, हळू. आजीने ती बाही हातात धरली आणि गालाला लावली. तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या बायकांनी जीभ फिरवून अशी किलकारी केली की काचा हलल्या.

मी ती किलकारी करून दाखवली. वाईट केली. पण केली.

रेमींनी डोळे मिटले होते. डोळे न उघडता त्यांनी बर्नारचा हात शोधला आणि आपल्या हातात घेतला. बोटांत बोटं घालून, उघडपणे, माझ्यासमोर. या घरात इतके दिवस आहे, हे कधी बघितलं नव्हतं. बर्नारनी माझ्याकडे बघितलं. जिन्यात बसले होते त्या दिवशी बघितलं होतं तसं, काहीतरी विचारणारं.

मला एवढंच ठाऊक होतं, की या दोघांनी मला उजेडात बसवलं, आणि त्यांच्या घरात मी माझ्या घरातला माणूस नव्याने ओळखला. मी खुर्ची जरा जवळ ओढली.

"मग," म्हटलं, "दाना स्टेजवरून खाली उतरली..."